भाव हलला म्हणजे नेमके काय कळले?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला उद्देशून आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही तीन महिने टेनिस, बास्केटबॉल आणि टी-२० क्रिकेटच्या सामन्यांवरच्या पैजांचे भाव तक्त्यात नोंदवलेत. (भाव म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास मूळ रुपयासह परत मिळणारी रक्कम. तो उतरला, म्हणजे ती बाजू जिंकण्याची शक्यता बाजाराला वाढलेली वाटते.) ज्या बाजूचा भाव सुरुवातीपासून सामना सुरू होईपर्यंत पाच टक्क्यांहून अधिक उतरला, अशा १४० नोंदी वेगळ्या काढल्यात, आणि त्यांपैकी ७६ वेळा तीच बाजू जिंकल्याचे तुम्हाला दिसले. या नोंदींमध्ये सुरुवातीचा भाव सरासरी १.९२ होता आणि अखेरचा १.७५. आता तुम्ही विचारता की जाणकारांचा पैसा ज्या बाजूला जातो त्या बाजूने आपणही जावे का, आणि बहुतेक लोकांच्या पैजा एका बाजूला असताना भाव दुसऱ्या बाजूचा उतरत असेल, तर तो पक्का इशारा मानावा का.

मी बरीच वर्षे आधी भाव ठरवण्याच्या आणि नंतर भावांच्या विश्लेषणाच्या कामात घालवली आहेत, आणि तुमच्यासारख्या नोंदी ठेवणारी माणसे मला फार थोडी भेटली. म्हणूनच या आकड्यांतून चुकीचा निष्कर्ष निघू नये असे मनापासून वाटते. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. भाव उतरलेली बाजू जास्त वेळा जिंकते का, हा पहिला. आणि भाव उतरलेला दिसल्यानंतर त्या बाजूवर पैसे लावणे फायद्याचे ठरते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा होकारार्थीच येते, कारण सुरुवातीनंतर बाजाराला काहीतरी कळलेले असते आणि ते भावात उतरलेले असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र पहिल्यावरून मुळीच निघत नाही. ते तुम्हाला प्रत्यक्षात कोणता भाव मिळाला यावर ठरते.

तुमचेच आकडे घेऊ. १४० पैजांवर प्रत्येकी एक एकक लावले आणि ७६ जिंकल्या, तर १.९२ या भावाने साधारण १४६ एकके परत येतात, म्हणजे सुमारे सहा एककांचा फायदा. त्याच ७६ विजयांवर १.७५ या भावाने १३३ एकके परत येतात, म्हणजे सात एककांचा तोटा. (सरासरी भाव घेऊन केलेला हा हिशोब अंदाजाचा आहे, नेमका आकडा प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे मोजल्यावरच मिळेल.) सामने तेच, निकाल तेच, निवडलेली बाजूही तीच, बदलला तो फक्त भाव, आणि तेवढ्याने फायद्याचा तोटा झाला. शिवाय १.९२ हा भाव तुम्हाला मिळणे शक्यच नव्हते, कारण तो पाच टक्क्यांनी उतरणार आहे हे तो उतरल्यावरच कळते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट तुमच्या नोंदींत आहे. दोन पर्यायांच्या बाजारात बुकमेकरचे, म्हणजे भाव जाहीर करून पैजा घेणाऱ्याचे, मार्जिन (भावात मिसळलेला त्याचा हिस्सा) पावणेतीन टक्क्यांच्या आसपास धरले, तर १.७५ या अखेरच्या भावात दडलेली जिंकण्याची शक्यता मार्जिन वजा जाता सुमारे ५५.६ टक्के निघते. म्हणजे बाजाराने १४० पैकी साधारण ७८ विजय अपेक्षिले होते आणि प्रत्यक्षात ७६ झाले. तुम्हाला वाटले की आपल्याला बाजारापेक्षा जास्त काही सापडले. तुमचा तक्ता सांगतो की अखेरचा भाव जवळजवळ बरोबर होता. अर्थात १४० नोंदींवर विजयांच्या टक्केवारीत चार टक्क्यांहून थोडी अधिक प्रमाण त्रुटी (निव्वळ नशिबाने येणारा चढउतार) असते, आणि दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट धरले तर खरा आकडा ४६ ते ६३ टक्के यांमध्ये कुठेही असू शकतो. तरीही इतके निश्चित, की ‘उतरलेल्या भावामागे जावे’ या नियमाला या नोंदींतून आधार मिळत नाही.

हिशोबाची पद्धत एका उदाहरणाने पक्की करून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. एका संघाचा भाव २.२० आहे आणि प्रतिस्पर्ध्याचा १.७५. एकला भावाने भागले की दडलेली शक्यता मिळते: ४५.५ आणि ५७.१ टक्के. बेरीज १०२.६ होते, शंभराच्या वरचे २.६ हे मार्जिन. प्रत्येक आकड्याला त्या बेरजेने भागले की पहिल्या संघाची शक्यता ४४.३ टक्के उरते. सामन्याआधी दोन्ही भाव १.९५ झाले, तर शक्यता ५० टक्के झाली आणि न्याय्य भाव २.०० ठरला. हे ५० टक्के खरे मानले, तर २.२० ला पैसे लावणाऱ्याला दीर्घकाळात शंभरामागे दहा मिळतील आणि १.९५ ला लावणाऱ्याचे शंभरामागे अडीच जातील. भाव हलताना पाहून मागाहून येणारा माणूस बहुतेक वेळा या दुसऱ्या जागी उभा असतो.

आता भाव हलतो कशाने, याकडे वळू. माझ्या कामात सर्वाधिक वेळ याच प्रश्नावर जात असे, कारण कारण कळल्याशिवाय हालचालीचे मोल ठरवता येत नाही. सर्वांत सोपे कारण म्हणजे सर्वांना कळलेली बातमी. क्रिकेटमध्ये नाणेफेक सामन्याच्या साधारण अर्धा तास आधी होते आणि रात्री दव पडणाऱ्या मैदानावर तिचा निकाल भाव चांगलाच हलवतो. बेसबॉलमध्ये पहिला पिचर, म्हणजे सुरुवातीला चेंडू फेकणारा खेळाडू, ऐन वेळी बदलला की सामन्याचा भाव जवळजवळ नव्याने मांडावा लागतो. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेत त्या दिवशी न खेळणाऱ्या खेळाडूंची यादी सामन्याच्या ९० मिनिटे आधी जाहीर होते. अशा वेळी भाव हलला तर त्यामागे कोणाही जाणकाराचा गुप्त पैसा नसतो. बातमी येते आणि काही सेकंदांत बुकमेकरची प्रणाली नवा भाव लावते.

दुसरे कारण म्हणजे बुकमेकर ज्याच्या मताला किंमत देतो अशा खात्यावरून आलेली पैज. इथे रक्कम गौण आणि खाते महत्त्वाचे असते. भाव पहिल्यांदा जाहीर होतो तेव्हा पैजेची कमाल मर्यादा मुद्दाम कमी ठेवलेली असते, कारण आपला अंदाज चुकलेला असू शकतो हे बुकमेकर जाणून असतो. लहान रकमा घेऊन तो जाणत्या ग्राहकांकडून एका अर्थाने सल्लाच विकत घेत असतो. सामना जवळ येतो तसतशी मर्यादा वाढते. म्हणून सामन्याच्या चार दिवस आधी झालेली सहा टक्क्यांची हालचाल आणि शेवटच्या तासात झालेली सहा टक्क्यांची हालचाल सारख्या मोलाच्या नसतात. पहिली एखाद-दुसऱ्या लहान पैजेनेही घडू शकते. दुसरी घडायला मोठी रक्कम किंवा मोठी बातमी लागते. याच फरकाचा फायदा घेऊन काही जण आधी कमी मर्यादेत एका बाजूला पैसे लावून भाव ढकलतात आणि मर्यादा वाढल्यावर सुधारलेल्या भावाने उलट बाजूला मोठी रक्कम लावतात. पहिली हालचाल पाहून मागे धावणारा त्यांना हवा तोच परिणाम वाढवत असतो.

तिसरे कारण नक्कल हे आहे, आणि नवख्या निरीक्षकाची सर्वाधिक फसगत इथेच होते. बहुतेक बुकमेकर प्रत्येक सामन्याचा भाव स्वतः ठरवत नाहीत. मोठ्या मर्यादा देणाऱ्या थोड्या ठिकाणी भाव हलला की इतरांची प्रणाली तो उचलते. तुम्हाला पंधरा ठिकाणी एकाच दिशेने भाव उतरलेला दिसतो आणि पंधरा स्वतंत्र साक्षी मिळाल्यासारखे वाटते, पण साक्ष एकच असते आणि बाकीचे चौदा तिचे प्रतिध्वनी असतात. म्हणून सगळीकडची सरासरी न पाहता आधी कोण हलले, किती वेळाने इतर हलले आणि पहिला हलणारा परत मागे आला का, हे नेमक्या वेळेच्या नोंदीसह पाहावे लागते. पहिल्याने माघार घेतली आणि बाकीचे तिथेच राहिले, तर ती हालचाल माझ्या दृष्टीने जवळजवळ रद्द झालेली असते.

एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे ग्राहक एकमेकांविरुद्ध पैजा लावतात तिथे, किती रक्कम जुळली ते दिसते आणि हा खरोखर उपयोगी आकडा आहे. पण न जुळलेल्या, फक्त रांगेत लावून ठेवलेल्या रकमा केव्हाही मागे घेता येतात. त्यांच्यावरून बाजाराचा कल ठरवू नका.

लोकांच्या पैजांच्या टक्केवारीविषयी तुम्ही विचारले आहे. ‘७५ टक्के लोक एका बाजूला, तरी भाव दुसऱ्या बाजूचा उतरतो, म्हणजे जाणकार दुसरीकडे’ हा तर्क असे गृहीत धरतो की बुकमेकर दोन्ही बाजूंचा पैसा समान ठेवायचा प्रयत्न करतो. हे गृहीतक सरसकट खरे नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की बुकमेकर अनेकदा पैसा असमान राहू देतात, आणि लोकांची आवड ओळखून लाइन (पैजेसाठी ठरवलेला गुणफरकाचा किंवा एकूण गुणांचा आकडा) थोडी त्यांच्याविरुद्ध झुकवून अधिक नफा मिळवतात. माझा अनुभवही तोच आहे: एका बाजूला पैसा साचला एवढ्यावरून भाव बदलण्याचा निर्णय क्वचितच होत असे, पैसा कोणाचा आहे, हा प्रश्न आधी विचारला जाई. त्यातच जाहीर होणारी टक्केवारी बहुधा एखाद्या बुकमेकरच्या ग्राहकांपुरती असते, आणि ती पैजांच्या संख्येची आहे की रकमेची, हे नेहमी स्पष्ट केलेले नसते. शंभर लहान पैजा एका बाजूला आणि तीन मोठ्या दुसऱ्या बाजूला असल्या, तर दोन मोजमापे परस्परविरुद्ध चित्र दाखवतील. पक्का इशारा म्हणण्याइतके वजन या टक्केवारीला मी कधीच दिले नाही.

तुम्ही पुढे फुटबॉलच्या नोंदी सुरू करणार आहात, तर एक सावधगिरी आत्ताच सांगतो. तिथे तीन निकाल असतात, त्यामुळे यजमान संघाचा भाव उतरला एवढे पुरेसे नाही. ती शक्यता कोठून आली ते पाहायला हवे. पाहुण्यांचा भाव चढला आणि बरोबरीचा तसाच राहिला, तर संघांच्या ताकदीविषयीचे मत बदललेले असते. पण बरोबरीचा भाव उतरला आणि दोन्ही संघांचे भाव थोडे थोडे चढले, तर आधी एकूण गोलांची लाइन तपासा. जोराच्या वाऱ्यामुळे किंवा आघाडीचा खेळाडू बाहेर बसल्यामुळे गोल कमी अपेक्षित असले की बरोबरी आपोआप अधिक शक्य होते. मूळ हालचाल गोलांच्या बाजारात झालेली असते आणि बरोबरीचा भाव हा तिचा परिणाम असतो. मी कोणताही बाजार एकटा कधी वाचला नाही. विजेता, हँडिकॅप (एका संघाला आधीच काही गोल किंवा गुण देऊन लावायची पैज) आणि एकूण गोल हे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हालचालीचा अर्थ लागत नाही.

हँडिकॅपच्या लाइनमध्ये आणखी एक बारकावा असतो: अर्ध्या गुणाची किंमत सगळीकडे सारखी नसते. अमेरिकी फुटबॉलमध्ये फील्ड गोलचे तीन गुण आणि टचडाउनसह जादा किकचे मिळून सात, यामुळे सामने तीन आणि सात गुणांच्या फरकाने सुटण्याचे प्रमाण ठळकपणे जास्त आहे. तीनच्या फरकाने तर साधारण सात सामन्यांपैकी एक संपतो. म्हणून तिथे लाइन अडीचवरून साडेतीनवर जाणे ही मोठी घटना आहे आणि साडेआठवरून साडेनऊवर जाणे तुलनेने किरकोळ. तीनच्या आकड्यावरून लाइन हलवायला बुकमेकर इतका कचरतो की तो आधी भावच बदलतो, म्हणजे लाइन तीनच राहते पण १.९१ चा भाव १.८० होतो. केवळ लाइन नोंदवणाऱ्याला अशी हालचाल दिसतच नाही. बास्केटबॉलमध्ये असे ठळक आकडे नाहीत, त्यामुळे तुमच्या सध्याच्या नोंदींना याची झळ कमी बसली असेल.

खालच्या स्तरावरच्या सामन्यांत अचानक झालेल्या मोठ्या हालचालींपासून दूर राहा, विशेषतः टेनिसमध्ये. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधील सोपोत येथील एका सामन्यात क्रमवारीत खूप वर असलेल्या खेळाडूने पहिला सेट जिंकल्यावरही पैसा त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर येत राहिला. पुढे वरच्या क्रमवारीचा तो खेळाडूच दुखापतीचे कारण देऊन सामन्यातून बाहेर पडला आणि बेटफेअर या एक्स्चेंजने त्या सामन्यावरच्या पैजा रद्द केल्या. चौकशीअंती २००८ मध्ये दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले. या प्रकरणातून घ्यायचे ते एवढेच, की हालचाल कितीही मोठी असली तरी तिचे कारण बाहेरून ओळखता येत नाही, आणि अशा ठिकाणी पैजच रद्द होण्याचीही शक्यता असते.

मग या हालचालींचा उपयोग काय? माझ्या मते तो मोठा आहे, फक्त तुम्ही शोधत होता त्याहून वेगळ्या जागी आहे. मी आधी बाजाराकडे न पाहता सामन्याची स्वतःची शक्यता काढत असे आणि ती लिहून ठेवत असे. नंतर बाजार माझ्या आकड्याकडे सरकला की माझ्यापासून दूर गेला, हे पाही. दूर गेला तर मला न कळलेले काहीतरी इतरांना कळले असण्याची शक्यता असते, आणि ते शोधायचे असते. सापडले तर आकडा बदलायचा, नाही सापडले तर निदान रक्कम कमी करायची. आणि पैज लावून झाली असेल, तर अखेरचा भाव हे माझ्या अंदाजाचे मोजमाप ठरते. तुम्हाला २.१० भाव मिळाला आणि मार्जिन वजा करून अखेरची शक्यता ५० टक्के निघाली, तर २.१० गुणिले ०.५० म्हणजे १.०५, अर्थात तुम्ही बाजाराच्या अखेरच्या मतापेक्षा पाच टक्के चांगल्या भावाने घेतले. सामना तुम्ही हरलात तरी हा आकडा बदलत नाही.

या मोजमापाला मी इतके महत्त्व देतो त्याचे कारण नशिबाचा गोंगाट. दोनच्या आसपासच्या भावांवर प्रत्येक पैजेचा निकाल जवळजवळ एक एकक वर किंवा खाली जातो. तुमची खरी सरशी तीन टक्के असली, तर नफ्यातोट्यावरून ती योगायोगापासून वेगळी ओळखायला चार हजारांहून अधिक पैजा लागतात. अखेरच्या भावाशी केलेली तुलना इतकी हेलकावत नाही, त्यामुळे शे-दीडशे नोंदींतही चित्र उमटू लागते. मात्र हे मोजमाप किती विश्वासार्ह हे बाजारावर अवलंबून आहे. मोठ्या स्पर्धांत, मोठ्या मर्यादा असलेल्या ठिकाणचा अखेरचा भाव फार अचूक असतो. लहान स्पर्धांत, जिथे शेवटपर्यंत फारसा पैसा येत नाही, तिथे तोही कच्चा असू शकतो. लांबच्या, म्हणजे खूप मोठ्या, भावांचीही एक जुनी अडचण आहे: घोड्यांच्या शर्यतींवरच्या १९४९ मधल्या अभ्यासापासून पुन्हा पुन्हा दिसले आहे की कमी शक्यतेच्या पर्यायांवर लोक वाजवीपेक्षा जास्त पैसे लावतात, त्यामुळे मी वर दाखवलेली मार्जिन काढण्याची सरळ पद्धत अशा पर्यायांची शक्यता थोडी फुगवून दाखवते. भाव १.५० ते २.५० च्या दरम्यान असतील तोवर ती पुरेशी आहे.

हळू हलणाऱ्या बुकमेकरकडे जुना भाव शिल्लक असताना तो उचलावा, असाही सल्ला तुम्हाला कोणी देईल. हिशोबाने तो चुकीचा नाही, पण टिकत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनेक बुकमेकरांच्या सरासरीपेक्षा चढे भाव शोधून पैजा लावल्या गेल्या. नफा झाला, आणि काही महिन्यांतच संशोधकांच्या खात्यांवर मर्यादा घातल्या गेल्या. हालचालीचे इशारे विकणाऱ्या सेवांची अडचण याहून साधी आहे: तोच इशारा एकाच क्षणी सर्व वर्गणीदारांना जातो आणि तुम्ही पोहोचेपर्यंत भाव संपलेला असतो. त्यांच्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लवकर लावावे की अखेरपर्यंत थांबावे, हे तुमचा अंदाज कशावर उभा आहे यावर ठरते. संघांच्या दीर्घकालीन ताकदीविषयी तुमचे गणित चांगले असेल, तर सुरुवातीचा भाव कच्चा असताना जाणे बरे, मग मर्यादा कमी असली तरी चालेल. खेळाडूंची निवड, खेळपट्टी, हवामान यांवर तुमची भिस्त असेल, तर ती माहिती येण्याआधी लावलेला पैसा निव्वळ अंदाजपंचे असतो.

तुमच्या तक्त्यात आता चार रकाने वाढवा: हालचाल पहिल्यांदा दिसली ती वेळ, त्या क्षणी तुम्हाला खरोखर मिळू शकणारा भाव, एकाच ठरावीक ठिकाणचे दोन्ही बाजूंचे अखेरचे भाव, आणि त्या वेळी माहीत असलेले कारण, कारण माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असेच लिहा आणि निकाल लागल्यावर ते बदलू नका. पहिल्या दोनशे नोंदी पैसे न लावता करा. प्रत्येक नोंदीत मिळू शकणारा भाव गुणिले अखेरची न्याय्य शक्यता काढा आणि सरासरी घ्या. ती एकच्या खाली आली, आणि हालचालीमागे जाणाऱ्यांची बहुधा तशीच येते, तर या पद्धतीवर पैसे लावू नका. ती एकच्या वर आली, तर कोणत्या कारणाच्या नोंदी तिला वर नेतात ते वेगळे काढा आणि पुढच्या नोंदी फक्त त्याच प्रकारच्या करा.